दहा बादल्या

— नाही हो साहेब, ओता की, बिनधास्त ओता, सहावी ना ही? सहावीच. नियमच आहे तो — आपल्या जागेवर पडलेला पाऊस आपल्याच जमिनीत मुरला पाहिजे, नाहीतर उतारावरच्या घरांत पूर — पाठ आहे मला, मागच्या दोन खेपांना तुम्हीच ऐकवलंय. शोषखड्ड्यात दहा बादल्या ओतायच्या, अर्ध्या तासात मुरल्या तर राहण्याच्या दाखल्यावर सही. बघा, गेली पण. अर्धा तास कशाला, अर्धं मिनिट लागलं नाही.

हसतेय का मी? हसू द्या हो, सकाळपासून पाय जमिनीवर ठरत नाहीत माझे. अकरा वर्षं थोरल्या दिरांकडे — हे खालचंच घर — अर्ध्या जमिनीत गाडलेल्या खोलीत संसार केला, आणि आता ही खिडकी बघा, दाराएवढी. ही खोली आमची नाही बरं का, सासूबाईंची. सही झाली की आजच आणणार त्यांना. जाऊबाई म्हणाल्या, न्या बाई, सुटले मी एकदाची. न्या काय, पळवूनच आणते. कंबरेखालून अधू झाल्यात, पण जीभ तस्सीच — परवा म्हणतात, तुझ्या घरी चहा मी सांगेन तसाच करायचा, तुझ्या हातचं कोमट पाणी अकरा वर्षं प्यायले. कोमट पाणी म्हणे.

सातवी? ओता ना. आधी मुरत नव्हतं, ते खरंय. दोन फुटांवर कातळ लागला. गवंडी म्हणाला, वहिनी, इथं थेंब मुरायचा नाही. म्हणून तर ती नळी — नळी म्हणजे हवेसाठी हो. कातळाला हवा कशाला? ते — ते त्यालाच विचारा. बरं, जाऊ द्या, तुमच्या चेहऱ्यावरच दिसतंय तुम्हाला कळलंय ते. भिंतीखालून सोडलीय, दिरांच्या अंगणात. अकरा वर्षं त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या उंबऱ्याशी यायचं, मी कधी ब्र काढला नाही. आमचं चार दिवस पावसाचं गेलं त्यांच्याकडे, तर काय आभाळ कोसळणार आहे? स्वच्छ पाणी आहे चांगलं. आठवी पण गेली बघा.

भिंतीवरून काय बघताय? भिजलं असेल अंगण थोडं —

कोरडं? सरका बघू.

कोरडंच आहे. ठणठणीत कोरडं. आठ बादल्या पाणी, मग गेलं कुठं? नळी इथून निघते, भिंतीखालून, आणि तिथं — तिथं तर आमच्या जुन्या खोलीचा झरोका होता. बुजवलाय म्हणाला होता गवंडी. आम्ही भाड्याच्या घरात गेलो तसं जाऊबाईंनी सासूबाईंना तिथंच हलवलं, वर अडचण होते म्हणून. परवाच्या पावसापासून रोज फोनवर सांगतायत, अगं, पलंगाखाली ओल लागतेय, माझ्याच हातून तांब्या लवंडत असेल, तुझ्या जाऊला सांगू नकोस. आणि मी हसायची. म्हणायची, लवंडा खुशाल.

नववी नका ओतू. ठेवा ती बादली.

घरात आत्ता कोणी नाही, दीर-जाऊ दोघं कामावर. सासूबाईंना उठता येत नाही हो साहेब, एकट्याच आहेत त्या.

सहीचं राहू द्या. चला, असे उभे काय राहिलात? पलंग दोन्ही बाजूंनी धरावा लागतो.