दोनशे पावलं, पण कुणीकडे?

मंडळी, काकू, नाना मास्तरांचे जुने विद्यार्थी... या शोकसभेला इतके जण आलात, दाराबाहेर गल्लीतसुद्धा उभे आहात. मला धड बोलता येईल असं वाटत नाही. दुःखानं नव्हे हं. रागानं.

माझ्याआधी तिघे जण बोलले. तिघांनी एकच सांगितलं. काशीत मरण आलं, गंगेच्या पायऱ्यांवर आलं, केवढं भाग्य! अहो, कसलं डोंबलाचं भाग्य? धडधाकट माणूस सकाळी फिरायला निघाला आणि छातीत कळ आली. वेळेवर दवाखान्यात पोचले असते तर वाचले असते. डॉक्टरांनीच सांगितलंय मला. याला मोक्ष म्हणू नका. माझ्यासमोर तरी म्हणू नका.

मी उषा. नानांची विद्यार्थिनी, आणि मग त्यांच्याच शाळेत विज्ञान शिकवणारी. सदिश आणि अदिश त्यांनी मला गंगेच्या त्याच पायऱ्यांवर शिकवलं. मला आणि माझ्या मैत्रिणीला एका पायरीवर पाठीला पाठ लावून उभं केलं. म्हणाले, "चला, वीस-वीस पावलं." आम्ही चाललो. मग ओरडले, "अंतर दोघींचं सारखं! मग एका ठिकाणी का नाही पोचलात?" ताप, वस्तुमान, वेळ, यांना नुसता आकडा पुरतो. ते अदिश. पण कुठं पोचायचं असेल, काही ढकलायचं असेल, तर आकड्याबरोबर दिशा हवी. ते सदिश. उत्तरात दिशा नसली तर नाना शून्य द्यायचे. अर्धा गुणसुद्धा नाही! पालक भांडायला यायचे, "मास्टर साहब, संख्या तो सही है." नाना म्हणायचे, "सही है, पर जाएगा किधर?"

नाना निवृत्त झाले आणि शाळेनं ठरवलं, दिशा नसली तरी अर्धे गुण द्यायचे. निकाल चांगला दिसायला हवा ना! त्या कागदावर मीही सही केली. नाना महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, म्हातारपणी हट्टी झालेत.

आता गेल्या मंगळवारचं सांगते. नाना पायरीवर बसले होते, घामानं निथळत. आपल्या गल्ल्यांत गाडी येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ॲम्ब्युलन्स मोठ्या रस्त्यावर थांबते, माणसं स्ट्रेचर घेऊन पायी येतात. फोनवर त्यांनी विचारलं, कुठं आहात? आपण बनारसचे लोक जसं सांगतो तसंच सांगितलं गेलं. "दुर्गाघाट से बस, दो सौ कदम." झालं! स्ट्रेचरवाले दुर्गाघाटावर उतरले आणि ब्रह्माघाटाकडे पळाले. नाना होते उलट्या बाजूला, पंचगंगा घाटाकडे. स्ट्रेचरवाल्यांनी परत फोन लावला, तर लागेना. पंचवीस मिनिटं गेली. पंचवीस!

आणि नाना? त्यांनी तो फोन ऐकला होता. बोलता येत नव्हतं. हात उचलला, बोट पंचगंगेकडे केलं. हात खाली पडला. पुन्हा उचलला. गर्दीतून कुणी म्हणालं, "गंगाजल माँग रहे हैं." मग काय केलं आम्ही? ओंजळ भरून त्यांच्या तोंडात गंगाजल घातलं. जिवंत माणसाच्या! दुर्गाघाटापासून कुठल्या दिशेला यायचं, ते सांगत होते हो, आणि आम्ही त्यांना निरोप देत होतो.

फोन कुणी केला होता? विचारा ना. इतक्या दिवसांत कुणीच का विचारलं नाही? मी केला होता. वीस वर्षं सदिश शिकवणाऱ्या या उषानं. आणि पाणीही मीच घातलं.

काकू, तुमचे यजमान गेले त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, "एवढा उशीर का गं झाला?" मी म्हणाले, गल्ल्या अरुंद आहेत. खोटं बोलले मी तुमच्याशी. गल्ल्यांचा काही दोष नव्हता.

आता सगळे उभे राहू या, दोन मिनिटं. नानांच्या भाग्याचं मनातसुद्धा आणू नका. हात वर करून ते आपल्याला काय सांगत होते, तेवढंच आठवा.

नाना, नमस्कार करते. क्षमा मागायची हिंमत अजून नाही.