सात नंबरचं टमाटं

हसायचं न्हाई, या बोलीवर सांगतो.

मास्तरकीतून रिटायर झालो आन् गच्चीवर चहाच्या कागदी कपांत टमाट्याची वीस रोपं केली. सवयच ती, प्रत्येक कपावर हजेरी नंबर टाकला. चार-चार पानं आली तशी बायको म्हणाली, "अवो, आता मोठ्या कुंडीत लावा की. बुडाच्या भोकातून मुळ्या बाहेर यायल्यात."

ती पोखर्णीच्या शेतकऱ्याची लेक. पण मी मास्तर! म्हणलो, "कच्ची हायत अजून. पक्की झाल्याबिगर वर चढवायची न्हाईत."

काही दिवसांनी खालची पानं पिवळी पडली. मी म्हणलो, "बघ, कच्चीच हायत."

आणखी दोन आठवड्यांनी सात नंबरला कपातच फूल आलं. मी लय खुशीत तिला वर बोलावलं. "आता झालं पक्कं!"

तिनं कप फाडून दाखवला. आत माती दिसतच नव्हती, नुसता मुळ्यांचा गुंता. म्हणाली, "जीव घाबरा झाला म्हणून फुललंय ते. शाळेत ज्याला सोताचं नाव लिहिता येत न्हवतं, त्यालाबी तुमी वरच्या वर्गात ढकललं. आन् ह्या हुशार लेकरांनाच नापास करायलाव व्हय?"

त्याच संध्याकाळी गुमान वीसच्या वीस कुंड्यांत लावली. शेवटची कुंडी भरून हात झटकतोय, तोवर जिन्यातून तिचा आवाज आला,

"निकाल लागला का, मास्तर? पेढे आणू?"