धाकट्याची बोली आधी

मंडळी, आज एकच प्रश्न. चारचौघांत मोठ्या माणसाने आधी बोलावं की शेवटी? हां! पुढच्या रांगेतून लगेच आवाज आला, "आधी!" लोडाला टेकलेला माणूस दुसरं काय म्हणणार? असू द्या. आधी गोष्ट ऐका.

पिंपळखोरं नावाचं गाव. वळवाच्या वाऱ्याने शाळेचं छप्पर उचललं आणि ओढ्यात नेऊन टाकलं. वासे मोडले, पत्रे गेले. शिक्षण खात्याचे साहेब आले, बघून म्हणाले, "जूनपर्यंत छप्पर झालं नाही, तर वरचे वर्ग घाटाखालच्या शाळेला जोडू." आता पोरगे एक वेळ घाट उतरतील, पण पोरींना कोण धाडतंय? पोरी घरी बसणार! मुख्याध्यापिका सरवदेबाई. या विचाराने त्यांना घास गिळेना.

बाईंनी बेत केला. जत्रेत देवीच्या नारळाचा लिलाव होतो, यंदाचा शाळेसाठी करू! देवळात बैठक बसली. सगळे हो म्हणाले. पण मंडळी, त्या गावची रीत ऐका! पहिली बोली आप्पा जगदाळ्यांची. वयाने, मानाने गावात सगळ्यांत थोर. आप्पा म्हणायचे, "एकशे एक." झाला लिलाव! थोरल्याच्या बोलीवर धाकट्याने बोलायचंच नाही! दरसाल नारळ एकशे एकात. अहो, असा लिलाव कुठे पाहिलाय?

आप्पा काही बैठकीला नव्हते, गुडघे धरले होते त्यांचे. बाई म्हणाल्या, "यंदा आप्पांच्या वर बोला की कुणीतरी."

जो तो बशीतला चहा फुंकतोय — आणि चहा कधीचा गार झालेला! शेवटी सरपंच रंगराव म्हणाले, "बाई, आप्पांच्या वर कोण बोलणार? उद्या त्यांच्याच दारावरनं जायचंय आम्हाला."

बाई घरी आल्या आणि रडल्या. हो, रडल्या! शहाण्या माणसालाही रडू येतं, त्यात लाज कसली?

दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओवरीत वर्ग भरला. बाईंची एक पद्धत होती. प्रश्न टाकला की सगळ्यांत लहान पोराला आधी विचारायचं. हुशार पोर आधी बोललं, की बाकीच्यांची तोंडं मिटतात. धाकट्यापासून सुरू केलं, की वर्ग शेवटपर्यंत बोलतो. बाईंनी प्रश्न टाकला, धाकटीकडे बोट केलं — आणि हात तसाच राहिला. अगं बाई! रीत मोडायची कशाला? उलटी फिरवायची!

शाळा सुटली, बाई तडक आप्पांकडे.

"आप्पा, यंदा तुमची बोली शेवटी."

"म्हंजे मला मागं ढकलता व्हय?"

"आप्पा, कीर्तनाला आधी कोण येतो?"

"सतरंजी हातरणारा."

"आणि बुवा?"

आप्पा हसले. "त्यो समद्यांच्या मागनं." — मंडळी, हसू नका! मला आज उशीर झाला तो एसटीमुळे!

हसता हसता म्हातारा थांबला. "पर बाई, शेवटी बोलायचं म्हंजे समद्यांच्या वर बोलाय पायजे. न्हाईतर माझी लाज गेली. तुमी मला कोंडीत धरताय."

"धरतेय, आप्पा. पोरींसाठी धरतेय."

म्हाताऱ्याने दुखरा गुडघा चोळला. मग म्हणाला, "धरा."

जत्रा भरली. देवीपुढे नारळ ठेवला. पहिलीतली चिंगी उठली, "एक रुपया!" गाव हसलं. मग मोठी पोरं. मग नव्या सुना. आता सून बोलल्यावर सासू गप्प बसेल? तुमच्या घरी बसते का? जावई बोलला, सासरा उठला! भाऊ बोलला, थोरला भाऊ फेटा सावरत पुढे! धाकट्याच्या खाली थोरला राहील कसा? चढत चढत बोली रंगरावांवर आली. सरपंच छाती काढून म्हणाले, "सगळे पत्रे माझे!"

राहिले आप्पा. बाईंनी डोळे मिटले. म्हाताऱ्याकडे रोख पैसा नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं.

आप्पा गुडघ्यावर हात रेटून उठले. "पत्रं ठेवणार कशावर, रंगा? माझ्या बांधावरचा साग, समदा. आन् सुताराची मजुरी." गाव टाळ्या पिटणार, तोच आप्पांनी हात वर केला. "थांबा. इथं जो जो बोलला, त्यो देवीम्होरं बोलला. कुणीबी बोली माघारी घ्यायची न्हाई. एकूण एक भरायची."

गावाची तोंडं बघण्यासारखी झाली! पण आता आप्पांच्या वर कोण बोलणार?

जय जय! त्या जूनमध्ये पिंपळखोऱ्याच्या शाळेवर नुसतं छप्पर नाही चढलं, नवी खोली उभी राहिली! एकही पोर घरी बसली नाही. आणि मानाचा नारळ आप्पांनी शाळेच्या उंबऱ्यावर वाढवला.

तर मंडळी, आप्पांचा मान कमी झाला का? अहो, दसपट झाला! आधी बोलून त्यांनी गावाला गप्प बसवलं होतं, शेवटी बोलून उभं केलं. आता तुमच्याकडे वळतो. घरात तुम्ही आधी बोलता, आणि मग म्हणता, पोरं काही सांगत नाहीत! सून मनातलं बोलत नाही! तुम्ही जागा ठेवलीत का? आज घरी जाल तेव्हा धाकट्याला आधी विचारा आणि तोंड मिटून ऐका.

चला, आरतीची वेळ झाली. ताट आज मागून फिरेल, पोरांपासून. लोडाला टेकलेल्या मोठ्या माणसांनो, तुमच्यापर्यंत शेवटी येईल — तेव्हा पोरांच्या वर बोला!