चार निळे लंगोट

(भूकंपानंतरचा तिसरा दिवस. मैदानावर उभारलेल्या दवाखान्याचा तंबू. खाटेवर पाय फळीला बांधलेल्या आजी झोपल्या आहेत. शेजारी बाळ मांडीवर घेऊन त्यांची सून.)

सून : सहा तास झाले, सिस्टर. हे बघा, वहीत आहे. सहाला कोरडा, आठला कोरडा, दहाला कोरडा. आत्ताही कोरडाच.

सिस्टर : आणि जुलाब?

सून : ते रात्रीच थांबले. मीठ-साखरेचं पाणी दर दोन मिनिटांनी एक चमचा, तुम्ही सांगितलंत अगदी तसं. बाळाला आईंच्या शेजारी ठेवून पाणी आणायला रांगेत जाते तेवढाच खंड.

सिस्टर : हसतोय की लबाड! जीभही ओली आहे. पण लघवीच नाही म्हटल्यावर मी धोका नाही पत्करणार. साडेबाराला मोठ्या इस्पितळाची गाडी निघतेय. आवरा. सोबत एकालाच घेतात.

सून : आणि आईंना इथं एकटं टाकू? ह्यांचा कालपासून पत्ता नाही, ढिगारे उपसतायत. आई तर इतक्या हट्टी! हलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं, तरी काल खाटेवरून उतरायला निघाल्या. तेही लिहिलंय. 'आई हलल्या, दोनदा.'

सिस्टर : बाई, तुमची ही वही सोन्याने मढवायला हवी. अरेच्चा! आजींच्या उशाशी दोरीवर हे लंगोट कुणाचे?

सून : कुठले?

सिस्टर : हे काय, चार. निळे, आपण दवाखान्यातून वाटले त्याच ताग्यातले. एक तर अजून ठिबकतोय. आणि या तंबूत बाळ एकच. आजी! ओ आजी, उठा जरा.

आजी : मी हलले नाही हं!

सिस्टर : कोण म्हणतंय हललात? हे लंगोट कुणी वाळत घातले?

आजी : वाऱ्याने आले असतील उडून.

सून : आई, बाळाला लघवी होत नाही म्हणून इस्पितळात नेतायत. खरं सांगा.

आजी : लघवी होत नाही? ह्याला? अगं, तुझी पाठ वळली की भिजवतो मेला! ओल्यात ठेवू होय लेकराला? कडेवर न घेता, पडल्या पडल्या बदलला, तांब्याभर पाण्यात खळबळला, टाकला दोरीवर.

सून : चारदा? आणि मला एका शब्दाने नाही?

आजी : सांगितलं असतं तर वहीत चढवलं असतंस. पाय नाही हलवला गं. हात बांधलेत का माझे?

सून : सकाळपासून जीव टांगणीला लागलाय माझा...

आजी : तू एकदा मान वर करून बघायचंस तरी! वहीत डोकं घालून बसलीस ती बसलीस. रडतेस काय वेडे?

सून : हसतेय हो मी. अगंबाई! सिस्टर, हा बघा!

सिस्टर : वा रे पठ्ठ्या! माझ्या चपलेपर्यंत ओघळ! चला, गाडीतली जागा दुसऱ्या कुणाला तरी देते. आणि तुम्ही आता आडव्या व्हा. डोळे कसे झालेत बघा.

सून : चमच्याचं कोण बघेल? लिहिणार कोण?

आजी : आण ती वही इकडं. बाळाला माझ्या कुशीत दे. नीज तू.

सिस्टर : निजली पण! आजी, काय लिहिताय एवढं?

आजी : हळू बोला. 'बारा वाजून दहा. बाळ ओलं. आई झोपली.'