करंगळीने घेतलेला शेअर

आमच्या तारापूरच्या सूतगिरणीचा भोंगा आठवतो का रे तुम्हाला? दोनदा व्हायचा. दुसरा झाला की सुपरवायझर फाटक लावून घ्यायचे आणि उशिरा आलेल्या माझा अर्ध्या दिवसाचा पगार जायचा. निवृत्त झालो तेव्हाच ठरवलं होतं, त्याच कंपनीचा एक शेअर स्वतःच्या हाताने घ्यायचा.

परवा लेकीने शेअरचं खातं उघडून दिलं. मोबाइल घ्यायला आम्ही उमरोळीहून बोईसरला गेलो, तर दुकानदार कॅमेराच दाखवत बसला.

मी म्हणालो, "फोटो नको बाबा. माझं बोट ओळखेल तो दे. पिनचे आकडे माझ्या लक्षात ऱ्हात नाय."

पहिल्या मोबाइलने अंगठा घेतला नाही, दुसऱ्यानेही नाही. सूत धरून धरून अंगठ्यावरच्या रेघाच गेल्यात. तीन वाजले. साडेतीनला शेअर बाजार बंद, आणि मला तर त्याच दिवशी शेअर घ्यायचा होता.

"बाबा, करंगळी लाव," लेक म्हणाली. "तिनं कुठं सूत धरलंय?"

तिसऱ्या मोबाइलने करंगळी ओळखली! लेकीने तिथेच सगळं चालू करून दिलं, मी करंगळी टेकवली आणि शेअर माझा झाला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय रे, या वयात खेळणं घेतोस?"

वळून बघतो तर तेच सुपरवायझर, आता मॅनेजर झालेले.

"आपल्या कंपनीचा शेअर घेतला साहेब," मी हळूच म्हणालो. "आता दुसऱ्या भोंग्यानंतर आलो तरी फाटक उघडाल ना?"

साहेबांनी मोबाइलवर टेकलेल्या माझ्या करंगळीकडे बघितलं आणि जाता जाता दुकानाचं दार माझ्यासाठी उघडून धरलं.