आवाज करणाऱ्या वस्तू

…आणि छत्री? छत्री बाहेर. तुम्हाला सांगतो, तीस वर्षं पालिकेच्या सभांच्या बातम्या लिहितोय, आणि तीस वर्षं सभागृहाच्या दारात शिपाई माझी छत्री काढून घेऊन हातात बिल्ला देतो, कारण ठराव आहे, टोकदार वस्तू आत नेता येत नाही, आणि माझ्यामागून वखारवाले शेठ कमरेला पिस्तूल लावून आत जातात तेव्हा तोच शिपाई उठून सलाम ठोकतो. विचारलं एकदा, "अरे, ते चालतं का?" तर म्हणतो, "साहेब, त्याला टोक कुठंय?"

बिल्ला खिशात टाकला आणि गेलो आत.

मूळ भानगड माझ्या धाकट्या बहिणीच्या वाचनालयातली. पालिकेचंच वाचनालय, ती तिथे सव्वीस वर्षं ग्रंथपाल. शेठ रोज दहाला पेपर वाचायला येणार, आणि बसणार कुठे, तर बालविभागात, कारण पंखा तेवढा एकच चालतो. ती खुर्ची केवढी, शेठ केवढे! गुडघे हनुवटीला, सदरा वर सरकलेला, आणि पिस्तूल बरोबर समोरच्या पोराच्या डोळ्यांसमोर. आयांनी पोरं पाठवणं बंद केलं. तीन उरली, त्यातली दोन शेठांचीच नातवंडं.

बहीण म्हणाली, "दादा, एवढा पेपरात लिहितोस, हा एक माणूस हलवून दाखव."

लिहिलं. विषय सभेत आला. नगराध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, "विषय अत्यंत गंभीर आहे, पण अधिकार आमचा नाही." कायदा सल्लागार उठले, त्यांचा तो नाकातला आवाज, "शस्त्र आणि परवाना वरच्या सरकारच्या कायद्यात येतात, आपण बंदी घातली तर कोर्टात दोन दिवस टिकणार नाही." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "अहो, पण इमारत तर आपली ना?" तर हे म्हणतात, "इमारत आपली, खुर्ची आपली, पिस्तूल त्यांचं." मग वरच्या सरकारला पत्र गेलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं: बाब स्थानिक आहे, स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा. बाईंनी परत चष्मा पुसला. अधिकार आमचा नाही. आणि त्याच सभेत बागेत शेंगा खायला बंदी झाली, एकमतानं, टाळ्या वाजवून. टरफलांवर अधिकार आहे बरं का, पुरेपूर आहे.

शेवटी बहिणीनंच वाचनालयाची जुनी नियमावली काढली. नियम अकरा: आवाज करणारी कोणतीही वस्तू टेबलापाशी जमा करून बिल्ला घ्यावा. रेडिओ आणि गजराच्या घड्याळांसाठी केलेला नियम तो. दुसऱ्या दिवशी शेठ आले.

"शेठ, हे वाजतं का?"

"बाई, हे पिस्तूल आहे."

"ते दिसतंय मला. वाजतं का, एवढंच विचारतेय."

आता सांगा, कमरेला पिस्तूल लावणारा कुठला माणूस म्हणेल की माझं वाजत नाही? छाती फुगवून म्हणाले, "अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल."

"मग काढा इथे. हा घ्या बिल्ला."

आणि दिलं हो त्यांनी. महिनाभर ते रोज तासभर बहिणीच्या खणात पडून असायचं, विसरलेले चष्मे आणि जप्त केलेल्या शिट्ट्यांच्या शेजारी. पोरं परत आली, खुर्च्या कमी पडायला लागल्या.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. तीस वर्षांत एक चांगली बातमी हाती लागलेली, मी ती पहिल्या पानावर लावून घेतली: पालिकेला जमलं नाही ते ग्रंथपालांनी केलं. बरोबर तिसऱ्या दिवशी बहिणीला नोटीस. पालिकेच्या इमारतीत विनापरवाना शस्त्र ताब्यात ठेवल्याबद्दल कारणे दाखवा. मी सल्लागारांना गाठलं, म्हटलं, अहो, तुम्हाला तर अधिकारच नव्हता. ते म्हणाले, "पिस्तुलावर नाही. कर्मचाऱ्यावर आहे."

आज सुनावणी होती. शेठ साक्षीला आले, बहिणीच्याच बाजूनं. "बाईंनी फार नीट सांभाळलं हो, एक ओरखडा नाही." झालं, ताब्यात होतं हे सिद्धच झालं. बहिणीची बदली, जन्म-मृत्यू नोंदणी विभागात. बाहेर येऊन ती मला एवढंच म्हणाली, "दादा, ह्याची बातमी नको हं करूस."

बाहेर धो-धो पाऊस. शिपायाकडे छत्री मागितली. "बिल्ला?" बिल्ला सापडेना. "मग छत्री देता येत नाही साहेब, तेवढा अधिकार आपल्याला आहे."

तेवढ्यात शेठ आले, कमरपट्टा वर ओढत, म्हणाले, "चला, सोडतो." बसलो गाडीत. काय करणार, भिजायचं वय राहिलंय का माझं? विचारलं, कुठे निघालात?

"वाचनालयात. नोटीस निघाली त्याच दिवसापासून तिथे नवीन बाई आल्यात, त्या काही जमाबिमा करायला लावत नाहीत. आणि आता परत शांत झालंय बघा तिथे. पोरंबिरं कुणी येत नाहीत."