रकाना क्रमांक नऊ

आजच्या सभेचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या आरोग्य सचिव महोदया, आमच्या अभ्यास कक्षाचे संचालक, व्यासपीठावर बसलेले दोन्ही माजी संचालक, रुग्णालयाचे अधीक्षक, पाहणी पथकातल्या परिचारिका, टंकलेखन विभागातले माझे सहकारी, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागच्या दाराशी उभी राहिलेली मंडळी, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याविषयी आत्ता जे बोलले गेले, त्यातले निम्मे खरे असते तरी मला संकोच वाटला असता. निमंत्रणपत्रिकेवर 'सत्कारमूर्ती' या शब्दातला 'मू' ऱ्हस्व छापलेला आहे. तो माझ्या नजरेस मंगळवारीच पडला होता. मी तो दुरुस्त करवून घेतला नाही. माझ्या हाताखाली ज्यांनी काम केले आहे, त्यांना एवढ्यावरूनच मी किती थकलो आहे हे कळेल.

अभ्यास कक्षाच्या अहवालांचा संपादक म्हणून एकाहत्तराव्या वर्षी मी दुसऱ्यांदा निवृत्त होत आहे. पहिल्या वेळी तेव्हाचे संचालक (ते इथे बसलेले आहेत) मला म्हणाले होते, "सर, तुम्ही गेलात तर अहवालातली वाक्ये संपवणार कोण?" त्या एका स्तुतीवर मी पुढे तेरा वर्षे काढली.

ज्यांना आमचे काम ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडेसे सांगतो. सर्वसाधारण रुग्णालयात दाखल करण्याला पर्याय काय असू शकतो, हा प्रश्न शासनाने गेल्या तीस वर्षांत आम्हांला पाच वेळा विचारला. शस्त्रक्रिया करून संध्याकाळी घरी पाठवता येईल का? बरे होत आलेल्यांना वेगळ्या विश्रामगृहात ठेवता येईल का? परिचारिकाच घरी गेली तर? प्रत्येक वेळी आम्ही गणतीचा एक दिवस ठरवला. त्या दिवशी परिचारिका रुग्णालयातल्या प्रत्येक खाटेपाशी जाऊन उभ्या राहत आणि एक तक्ता भरत. या रुग्णाला आज इथे असण्याची गरज आहे काय? नसेल, तर तो कुठे असू शकतो?

पर्याय वाईट होते, असे मी म्हणणार नाही. घरच्या खिडकीशी बसून बरी झालेली शेकडो माणसे आमच्या अहवालांत आहेत, आणि ती खरी आहेत.

मला बोलायचे आहे ते त्या तक्त्यातल्या नवव्या रकान्याविषयी.

पहिल्या अभ्यासाच्या मसुद्यात त्या जागी चार प्रश्न होते. घरी कोण आहे, त्या व्यक्तीचे वय किती, तिची स्वतःची प्रकृती कशी आहे, आणि ती दिवसातून किती तास घरी असते. त्यामुळे तक्ता दुसऱ्या पानावर जात होता. मी चाळिशीत होतो आणि पाल्हाळ मला सहन होत नसे. मी चारही प्रश्न खोडले आणि पाच शब्दांचे एक वाक्य लिहिले. "घरी सांभाळणारे कोणी आहे काय?" पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. तक्ता एका पानात बसला. माझी पाठ थोपटली गेली. पाचही अभ्यासांत ते वाक्य जसेच्या तसे राहिले आणि मला त्याचा अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला. चौथ्या अभ्यासाच्या शिफारशीवरून सुरू झालेल्या योजनेत दादाला महिन्याभराने घरी पाठवण्यात आले. आठवड्यातून दोनदा परिचारिका येणार होती आणि ती येत असे. बाकीच्या वेळी घरी 'कोणी' होते. ते कोणी म्हणजे माझी वहिनी, त्या वेळी वय वर्षे सत्तर.

मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. एकटाच असल्यामुळे मला वेळेची उणीव नव्हती. मी रोज संध्याकाळी खाली उतरून दादाला वर्तमानपत्र वाचून दाखवत असे, त्यातल्या भाषेच्या चुका त्याला सांगत असे, आणि परत वर जात असे. एकदा वहिनी पदराने कपाळ पुसत म्हणाली, "भाऊजी, तुम्ही मोठमोठे शब्द बरे उचलता. एकदा ह्यांना उचलून बघा." मी हसलो. ती हसली की नाही, ते मला आठवत नाही.

जवळजवळ दोन वर्षे तिने त्याला उचलले. तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी, त्याला न्हाणीतल्या स्टुलावर बसवताना ती पडली. मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. दादापाशी दिवसा शेजारच्या बाई बसू लागल्या. दहाव्या दिवशी आमच्या पाचव्या अभ्यासाची गणती होती.

आमच्या तक्त्यांवर नाव नसते, हे आपण जाणता. कक्ष, खाट, वय आणि निदान, एवढेच. पण योजना सुरू झाल्यापासून कोणाला घरी सोडायचे, हेही त्यावरूनच ठरते. परवा बुधवारी माझ्या टेबलावर एक तक्ता आला. अस्थिरोग, स्त्री-कक्ष, खाट बावीस, वय बहात्तर. रकाना नऊ, होय.

मी पाहणी करणाऱ्या ताईंना बोलावून घेतले. आवाज चढवला, हे कबूल करतो. त्या पुढच्याच रांगेत बसलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, "सर, मी आजींना विचारलं, घरी कोण असतं? त्या म्हणाल्या, हे असतात. मी होय लिहिलं. 'हे' कसे आहेत, ते लिहायला तुम्ही जागा कुठे ठेवलीय?"

महोदया, ज्याला उचलताना तिचे हाड मोडले, तो तिचा सांभाळणारा ठरला आहे.

त्या दिवशी मी स्त्री-कक्षात गेलो. वहिनी म्हणाली, "सोमवारी सोडतायत म्हणे मला. घरी माणूस आहे, असं लिहिलंय म्हणे. कोण आहे हो घरी?"

"मी आहे की," मी म्हणालो.

"तुम्ही? दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणारे तुम्ही!" असे म्हणून तिने तोंड भिंतीकडे वळवले. जरा वेळाने, तशीच राहून, विचारले, "ह्यांची पाठ बघितलीत का? लाल झाली असेल."

झाली होती. मी पाहिली नव्हती.

अधीक्षक माझे जुने स्नेही आहेत. मी एक फोन केला असता तर वहिनीची खाट राहिली असती. पण खाट बावीसच्या अलीकडे एकवीस आहे आणि पलीकडे तेवीस. त्या कक्षातले 'होय' असलेले सव्वीस तक्ते मी काढले आणि ताईंना एकेक खाट आठवायला सांगितली. अकरा ठिकाणी ते 'कोणी' सकाळी सातला कामावर जाऊन रात्री परतणारे होते, किंवा स्वतःच आजारी होते. एका ठिकाणी तर घरी होती ती नव्वदीची, डोळ्यांनी न दिसणारी सासू. हा एका कक्षाचा हिशेब झाला. पाच अभ्यासांत किती झाले असतील? मला मोजता येत नाही, कारण मोजायची जागा मीच खोडली होती.

मी संचालकांकडे गेलो. ते सज्जन आहेत. त्यांनी मला बसायला सांगितले, पाणी दिले. म्हणाले, "सर, तुमचं पटतंय मला. पण आता रकाना बदलला तर आधीच्या चार अभ्यासांशी तुलना कशी करायची? तीस वर्षांची मालिका तुटेल हो."

"तुटू द्या," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणताय हे? ती मालिका तुमचीच आहे."

"म्हणूनच म्हणतो."

ते बराच वेळ कागद सारखे करत राहिले. मग म्हणाले, "समारंभानंतर बोलू." आपल्या अभ्यास कक्षात समारंभानंतर काय काय बोलायचे राहून गेले, ते व्यासपीठावरच्या सर्वांनाच माहीत आहे. म्हणून समारंभातच बोलतो आहे. आपण दिलेल्या मानाचा हा गैरवापर आहे, याची मला जाणीव आहे.

संपादकाच्या सहीशिवाय अहवाल छपाईला जात नाही, असा नियम आहे. पाचव्या अहवालावर मी सही केलेली नाही. 'होय' असलेला प्रत्येक तक्ता परत खाटेपाशी न्यावा, जो रुग्ण घरी गेला असेल त्याच्या दारी न्यावा, आणि खोडलेले चारही प्रश्न विचारावेत, अशी टिप्पणी मी आज सकाळी आवक विभागात दिली आणि तिच्यावर क्रमांक घालून घेतला. तोवर त्या तक्त्यांच्या आधारे कोणालाही घरी पाठवू नये, असेही तीत लिहिले आहे. मात्र मी आज कार्यालय सुटेपर्यंतच संपादक आहे. उद्या दुसऱ्या कोणाची सही घेता येईल आणि ती नियमात बसेल. तेव्हा माझ्या हाती आहे ती फक्त विनंती. ताई म्हणाल्या आहेत, "सर, सांगितलं तर मी सोमवारी सकाळी आठला कक्षात उभी असेन." त्यांना कोणीतरी सांगायला हवे. ते कोणीतरी कोण, हे महोदया, आपण आणि संचालकांनी ठरवावे.

आपण दिलेला पुष्पगुच्छ सुंदर आहे. मानपत्र मी वाचले, त्यात एकही चूक नाही. टंकलेखन विभागाचे मनापासून आभार. तीस वर्षे माझा जाच सोसल्याबद्दल सर्वांचेच आभार. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर वयाकडे पाहून क्षमा करावी. नवव्या रकान्याची क्षमा आपल्याकडे मागत नाही. ती देणे आपल्या हाती नाही.

आणखी एका गोष्टीची क्षमा असावी. चहासाठी मला थांबता येणार नाही. दादाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. शेजारच्या बाई बसल्या आहेत, पण त्यांच्या एकटीने तो वळत नाही.